विनंती थांबा

उजव्या खांद्याखाली, कातडीआड
अर्ध्या सुपारीएवढं एक बटण आहे.
ब्लाउजवरून कळत नाही.
तिकीट मशीनचा पट्टा मात्र
सोळा वर्षं बरोबर तिथूनच जात होता.
आता डाव्या खांद्यावर घेते, आणि हात चुकतो,
सुटे मोजताना तीसचे चाळीस होतात.

शेवटच्या सलाईनला आठ महिने झाले.
जळगावला डॉक्टर म्हणाले, बाविस्करबाई, रिपोर्ट चांगला आहे.
पोर्टचं काय ते तुम्ही ठरवा.
काढायचा तर अर्धा तास, तेवढ्याच जागेला भूल.
ठेवायचा तर मधूनमधून फ्लश करायला या.

तुम्ही ठरवा.
अख्ख्या आजारात हे पहिल्यांदा ऐकलं.
औषध कोणतं, बाटल्या किती,
केस कितव्या दिवशी जातील,
सगळं ठरलेलं असायचं. मी फक्त खुर्चीत बसायचे.

हे म्हणतात, काढून टाक, घरात ती आठवण नको.
(घरात नाही हो. माझ्यात आहे.)
पुण्याहून पोरगी म्हणते, वर्षभर थांब ना आई.
सुपडूअण्णा स्टेअरिंगवरून मान न वळवता म्हणतात,
स्टेपनी कोणी डेपोत ठेवून निघतं का, ताई?
खरं आहे, अण्णा.
पण स्टेपनी बघून तुम्हाला
रोज सकाळी पंक्चर आठवत नाही.

पारोळ्याच्या नजमाआपांनी काढला. वॉर्डात पेढे वाटले.
चौथ्या महिन्यात पुन्हा त्याच खुर्चीत,
आणि सिस्टर त्यांच्या हातावर शीर शोधतेय,
थापट्या मारून मारून,
आटलेल्या नळाची तोटी ठोकावी तशी.
काढला म्हणून ते परत आलं नाही, एवढं मला कळतं.
कळतं, तरी रात्री बोट तिथेच जातं.
टणक लागतं. बरं वाटतं.
बरं वाटतं याचीच भीती वाटते.

तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागांत एक फाटा आहे.
पाटी गंजलेली: विनंती थांबा.
गावानं कधीच दुसरा रस्ता धरला.
तरी अण्णा तिथे गियर कमी करतात,
मी खिडकीतून वाकून बघते,
आणि डबल बेल देते.
ड्युटीवर परत आले त्या आठवड्यात
एकदाच एक म्हातारी उभी होती, हातात कोंबडी.
चढली. माझ्या रुमालाकडे बघितलं.
"केस कथा गयात वं माय?"
येतील, म्हटलं.
"येतीन, येतीन," म्हणाली,
आणि कोंबडीचं तिकीट लागतं का ते विचारलं.
त्यानंतर तिथे कोणी नाही.

रजेचा अर्ज भरला. दिवस: एक.
फ्लशलाही एकच लागतो, काढायलाही एकच.
कारण या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा झाला,
मग त्याच्यावरूनच लिहिलं: घरगुती काम.

गुरुवारी पहिल्या गाडीनं निघाले, तिकीट काढून.
कंडक्टर नवा पोरगा, मिसरूड फुटलेलं,
मागच्या बाकावर शंभराच्या नोटेशी भांडत होता.
पूल गेला. बागा आल्या.
अण्णांनी गियर कमी केला.
मी वाकून बघितलं.
पाटी होती. पाटीखाली एक कुत्रं, झोपलेलं.
गाडी थांबल्यासारखी झाली,
कोणी बेल देईना.

हात वर गेला. दोरी माझ्याच डोक्यावरून जात होती.
दोनदा ओढली.

पोरगा मागून ओरडला,
मावशी, ते माझं काम आहे.